वरच्या गटातली गाडी

मलेशियातल्या इपोह शहराच्या बसस्टँडवर रांगेत माझ्यापुढे एक वयस्कर चिनी गृहस्थ मोबाइलवरच्या शर्यतीच्या खेळातली आपली गाडी शेजारच्या तरुणाला दाखवत होते.

"हिला टर्बो लावू की मोठं इंजिन?"

"टर्बोच लावा, अंकल. मोठ्या इंजिनाने गाडी वरच्या गटात जाईल. तिथे रोज हराल."

"वरच्या गटात स्यू यिन खेळते. माझी मुलगी, मेलबर्नला असते."

"तिला हरवायचंय होय?"

"छे रे. फोन उचलत नाही ती माझा. शर्यतीत तिची गाडी तरी दिसेल."

"तिलाही तुमचं नाव दिसेल की."

"नाव दुसरंच घेतलंय. माझं दिसलं, तर खेळायचं सोडून देईल."

रांग थोडी पुढे सरकली.

"द्या इकडे, अंकल. मोठं इंजिनच बसवून देतो."