गोदाबाईच्या मौतीचा सांगावा

हे कथन मी १४ मार्च १९७१ रोजी, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, बालाघाटपासून दोन कोसांवरच्या एका गावी आनंदीबाईंच्या ओसरीवर ऐकले. बौद्ध झालेल्या सात घरांनी ऐंशी घरांचे मत कसे बदलले, एवढेच मी प्रबंधासाठी विचारले होते. त्यांचे पती वसंताजी सकाळी बोलून शेतावर गेले होते. टिपण मी त्याच संध्याकाळी आठवून लिहिले. शब्द शक्यतो बाईंचेच ठेवले आहेत.

— हौ, बुढ्यानं तुले सकाळी जे सांगतलं ते खोटं नाई बाबू, लिवून घे. सात घरं होतो आम्ही, अन् ते ऐंशी. छप्पन साली दीक्षा घेऊन आलो अन् ठरवलं — आता कोनाच्या मौतीचा सांगावा आपल्या पायानं जानार नाई. सांगावा म्हंजे काय, तुले शहरातल्याले काय ठाऊक! पटेलाच्या, कास्तकाराच्या घरी कोनी मेलं का त्याच्या सोयऱ्याच्या गावी खबर आमच्याच मानसानं न्यावं — पाय पोळो का पानी पडो — अन् तिथं आंगनाच्या बाहीर उभं राहून वरडावं. आत नाई जायचं. तहान लागली तं पानी बी वरून ओतनार, वंजळीत. ते बंद केलं. बुढा एकच बोलायचा — 'ज्याच्या घरी मौत, त्याच्याच घरचा मानूस.' शिवी नाई, हात जोडनं नाई. दोन साल तेच वाक्य, त्याच आवाजात. आमची मजुरी बंद केली, विहीर बंद केली, नदीचं पानी प्यालो — पन सातातलं एक घर फुटलं नाई. एक फुटलं असतं ना, तं सारं गेलं असतं. अन् मंग म्हने गावाचं मन बदललं. हेच लिवून राह्यला ना तू? लिव, लिव.

काहून हासली म्हन्तं? अशीच. — नाई, अशीच नाई. दीक्षेच्या आधीची गोष्ट हाय. मोतीलाल पटेलाचा बाप मेला. तवा माझी पोरगी दीड सालाची, तापानं नुसती फनफनत होती. बुढा म्हने, 'पटेल, पोरगी लय गरम हाय, उद्या जातो.' पटेल म्हने, 'मौत उद्यावर राह्यते का रे?' गेला बिचारा, पायी, अकरा कोस, लामत्याले — पटेलाची बहीन अनुसया तिथं देली हाय ना. तिले बापाचं तोंड पाह्यले भेटलं. अन् बुढा तिसऱ्या दिवशी वापस आला, तं पोरीले माती देऊन झालती. याच्या मांगं कोन धावनार होतं सांगायले? साऱ्या गावाच्या मौती याच्या पायानं गेल्या, अन् याच्या घरची मौत याच्यापावतर आलीच नाई. आंगनात उभा राहून मलेच म्हने — पोरगी झोपली का वं?

पानी घेतं का? नाई? मंग आयक.

अठ्ठावन्न साल. पटेलाची माय, गोदाबाई, पहाटे मेली. आला मानूस आमच्या दारी. बुढ्यानं तेच वाक्य म्हनलं. मंग पटेल ऐंशी घरं फिरला, पन एक जन उठन तं शप्पथ! जो सांगावा नेईन तो आमच्यासारका होईन, हे भेव. सोता पटेल बी जाये ना — पाय नसते झिजले, इज्जत झिजली असती. अन् मले त्या दिवशी लामत्याले जायचंच होतं, भावाकडं. छोट्या लाइनच्या रेलगाडीनं गेली. बाजार होता. तं कोन दिसावं — अनुसया! कांदे निवडून राह्यलती. मले पाहून म्हने, 'काय वं आनंदे, माय कशी हाय माझी?'

तूच सांग, काय म्हनलं असन मी?

म्हनलं — 'बरी हाय बाई. तुमची याद काढते.'

हौ, असंच म्हनलं. तिनं तंबाखूची पुडी घेतली, म्हने मायले देजो — अन् सोडली माझ्या पदरात. वरून. हाताले हात लागू नाई म्हनून, वरून! सांगनार होती बाबू, तोंडावर आलतं, पन पुडी पडली अन् तोंड मिटलं. दोन दिवसानं कोन्या गाडीवाल्याकडून तिले समजलं, आली ते मायच्या राखेवर आली. लोळली, अन् साऱ्या गावासमोर भावाले म्हने, 'तुले पाय नव्हते का रे?' मोतीलालची मान खाली. मी दूर उभी होती, बाभळीखाली — पोट भरून पाह्यलं. त्याच हप्त्यात बैठक बसली अन् तोच पटेल म्हने, 'ज्याच्या घरी मौत, त्याच्याच घरचा मानूस.' बुढ्याचंच वाक्य! ऐंशीच्या ऐंशी मुंड्या हालल्या. आता तं म्हन्तेत, हे आमच्या गावची जुनी रीत हाय. हासू नोको तं काय करू?

बुढ्याले वाटते त्याच्या बोलन्यानं झालं. वाटू दे. त्याले हे ठाऊक नाई. अनुसयानं माझं काय बिघडवलं होतं म्हन्तं? काईच नाई. तिले फकस्त बापाचं तोंड भेटलं होतं — माझ्या पोरीच्या बदल्यात. पुडी हाय अजून, त्या पेटीत. वास उडून गेला सारा. दाखवू? — नाई. नाई दाखवत.

तू... हे बी लिवून राह्यला काय? फाड. ते पान फाड, माझ्यासमोर. अन् ऊठ आता — बुढा येऊन राह्यला वावराच्या धुऱ्यावरून.

पान मी त्यांच्यासमोर फाडले.

गोदाबाईंचा मृत्यू, त्यांच्या मुलीचे उशिरा पोहोचणे आणि बैठकीतला निर्णय, या तिन्ही गोष्टींना गावातील तिघांनी स्वतंत्रपणे दुजोरा दिला. एप्रिलमध्ये लामत्याला अनुसयाबाईंची भेट झाली. आई गेली त्या दिवशी त्या कुठे होत्या, एवढेच मी विचारले. बाजाराला गेलेच नव्हते, तापाने अंथरुणावर होते, असे त्या ठामपणे म्हणाल्या. पेटीतली पुडी मी पाहिलेली नाही.