ओल्या फडक्याखालची घोडेस्वार

आदरणीय अध्यक्षा संपदाताई, व्यासपीठावरचे पाहुणे, आज आपण ज्यांना निरोप देतो आहोत त्या सरलाताई, आणि आल्मेरेतल्या माझ्या सर्व स्नेह्यांनो,

मला बोलायची सवय नाही. आमच्या घरात बोलायचं काम माझ्या पत्नीकडे, शैलाकडे होतं, हे आपण जाणताच.

सरलाताई हॉलंड सोडून पुण्याला परत चालल्या. त्यांच्या अंगणातल्या शेडमध्ये आपल्यापैकी कितीजणी माती मळायला शिकल्या! बाकीच्या पणत्या करत. शैलानं घोड्यावर बसलेली चिनी बाई करायला घेतली. संग्रहालयात पाहिली होती तिनं. फार पूर्वी चीनमध्ये मेलेल्या माणसाच्या सोबतीला अशा मातीच्या बायका थडग्यात ठेवत. मुठी वळलेल्या, पण हातात काहीच नाही. मी विचारलं, लगाम कुठे?

म्हणाली, "चामड्याचा असेल, कुजला. धरणं तेवढं राहिलं."

चेहरा करायचा बाकी होता, तेव्हा ती गेली.

अर्धवट काम वाळू नये म्हणून त्यावर ओलं फडकं आणि वरून प्लॅस्टिक घालतात. वाळलं की पुढे काही करता येत नाही. मी दर शनिवारी जाऊन ते फडकं भिजवू लागलो. का? माती ओली असेपर्यंत काम चालू असतं, आणि चालू कामाकडे माणूस परत येतं. फडकं उचलताना दर वेळी वाटे, आज नाक-डोळे असतील.

सरलाताईंनी कधी काही विचारलं नाही. चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, "राजनभाऊ, पाणी बेतानं. बाई विरघळेल."

आता भट्टी विकली गेली. मध्यंतरी त्या म्हणाल्या, आता वाळू द्या. मी म्हटलं, निदान चेहरा तरी तुम्ही करा. त्या हात पुसत म्हणाल्या,

"ते शैलाचं काम. मी हात लावणार नाही."

भट्टी जाण्याआधी शेवटच्या खेपेला ती घोडेस्वार भाजली. शाल-श्रीफळाशेजारी ठेवली आहे, तीच. घोड्याच्या मानेवर शैलाच्या अंगठ्याचा ठसा आहे. चेहरा कोरा आहे.

सरलाताई, शेडमधला तो कोपरा तुम्ही इतके दिवस माझ्यासाठी अडवून ठेवलात. मी आपला ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सर्वांनी सांभाळून घ्यावं.

आज शनिवार. हॉलमध्ये येण्याआधी मी सवयीनं फडकं नळाखाली धरलं. ते ओलंच माझ्या खिशात आहे. तेवढंही पोटात घाला.