पुढचं सगळं ठरलेलं

—नाही, नाही, तुम्ही त्या टाचण्या तोंडातच राहू द्या ताई, बोलायच्या नादात एखादी गिळाल आणि माझ्या जिवाला नसता घोर. बोलायचं काम माझं, तुम्ही नुसती मान हलवा. तर हो, कोट माझाच. मघाशी तुमच्या बहिणीनं विचारलं, लेकीसाठी का म्हणून — तिचं तरी काय चुकलं, केस पांढरे झाल्यावर वकिलाचा काळा कोट शिवायला कोण येतं? पण पास झालेय मी. शाळेतून निवृत्त होऊन पुरतं वर्ष झालं नाही, तोवर कायद्याची परीक्षा पास. हलू नको? बरं, नाही हलत.

बाहेर गाडीत बसलेत ना, ते आमचे हे. आत चला म्हटलं तर नको म्हणाले. येताना ठरलं होतं की मी कपड्याला आणि ते वर्तमानपत्राला, आणि ठरलेलं मोडायचं म्हणजे यांच्या अगदी जिवावर येतं. बाकीचे लोक आग लागल्यावर विहीर खणतात — आमचे हे आधी विहीर खणून, तिच्यावर झाकण बसवून, आगीची वाट बघत बसतील. पहिल्यांदा भेटलो तेव्हा दुसऱ्या कुणी आवडीनिवडी विचारल्या असत्या, यांनी मला पुढची वीस वर्षं सांगितली. कारखान्यात आधी कुठला विभाग, मग कुठला, घर कधी, मूल कधी. आणि मी हसले का? छे, तिथल्या तिथे भाळले. कारण आमचे वडील नाटकाच्या प्रयोगांना दिवे लावायचे, आज या गावी, उद्या त्या. संध्याकाळी चूल पेटेल की नाही ते आमच्याकडे दुपारी ठाऊक नसायचं. अशा घरातल्या पोरीला तू अमक्या वर्षी अमक्या घराच्या खिडकीत उभी असशील असं सांगणारा माणूस भेटला, तर ती काय करणार? जाऊन उभी राहिली त्या खिडकीत.

आणि झालं हो सगळं, सांगितलं तसंच झालं. घर झालं, लेक झाली, हे विभागाचे मुख्य झाले. मला वकील व्हायचंय हे मी तेव्हाच म्हणाले होते — यांनी नाही म्हटलं नाही हं, उगाच आळ नको. म्हणाले, आधी शाळेतली नोकरी धर, लेकीच्या सुट्ट्या आणि तुझ्या सुट्ट्या जुळतील, वकिलीचं नंतर बघू. आता यांचं बाकी सगळं तारीखवार आणि हे तेवढं एकटं ‘नंतर’. मीही आठवण दिली नाही. वर्गातली भांडणं सोडवण्यातच माझी वकिली भागत होती, एका खोडरबरासाठी मी अख्ख्या बाकाच्या साक्षी काढल्यात — हात वर करू? हा घ्या.

मग लेक लग्न करून लांब गेली, घर खायला उठलं, तेव्हा मी संध्याकाळच्या कायद्याच्या वर्गात नाव घातलं. हे म्हणाले, छान, मन रमेल. मन रमेल! जसं काही मी विणकामच घेतलं होतं. ते असो. पुढच्याच वर्षी कारखान्यानं यांचा सगळा विभागच बंद केला. आदल्या दिवसापर्यंत कुणाला पत्ता नाही. भर दुपारी हे घरी आले, हातात एक कुंडी — टेबलावरचं झाड तेवढं उचलून आणलेलं — आणि बूटही न काढता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. मला म्हणाले, “आता काय करायचं?” ताई, इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं मला हा प्रश्न कधी विचारलेला नव्हता. मी म्हटलं, “आधी बूट काढा.”

ते दिवस वाईट गेले. सकाळी दाढी करून तयार व्हायचे आणि जायचं कुठंच नसायचं. लेकीनं फोनवरून दहा कामं सुचवली, एक गळी उतरेल तर शपथ. गॅलरीत उभे राहून रस्त्यावरच्या गाड्या बघायचे. एकदा विचारलं, काय बघता एवढं? म्हणाले, सगळ्यांना कुठंतरी वेळेवर पोचायचंय. त्याच संध्याकाळी मी माझी पुस्तकं यांच्यापुढं आणून टाकली — म्हटलं, मला नाही हे झेपत, परीक्षा तोंडावर आलीय, काहीतरी आखून द्या. अहो, माणूस ताठ बसला! जेवणं व्हायच्या आत आखणी तयार. पहाटे फौजदारी, संध्याकाळी करार. मी भाजी चिरायला घेतली की हे समोर उभे राहून कलमं विचारणार, चुकलं की सुरी खाली ठेवायला लावणार. शेवटी यांनाच इतकं पाठ झालं की दूधवाला उशिरा आला तरी करारभंग! निकालही शेजाऱ्यांना असा सांगितला की त्यांना वाटलं, हेच पास झाले.

खरं सांगू? — कुणापाशी बोलू नका — मला न झेपण्यासारखं काही नव्हतं. ती पुस्तकं माझी शाळेच्या मधल्या सुट्टीत कधीच वाचून झाली होती. पण पहाटे मला उठवायला येताना यांच्या पावलांत जो जोर असायचा ना, त्याच्यासाठी मी सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

खांदा ठीक आहे. थोडा सैलच असू दे. तर आता पंचाईत अशी झालीय की यांनी पुढचंही ठरवलंय. यांच्या ओळखीचे एक मोठे वकील आहेत, काचेची इमारत, लिफ्ट, गार हवा. तिथं बसून कागद तपासायचे. परवा भेटायला जायचंय. वाईट काही नाही त्यात, पण मी — आता बोलतेच आहे तर ऐका — मी जाणार नाहीये. माझ्याबरोबर वर्गात दोन मुली होत्या, लेकीहून लहान, बोलायला तिखट. आम्ही तिघींनी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली घेतलीय. ज्या बायकांना मोठे वकील दारात उभं करत नाहीत, त्यांची कामं घ्यायची. पाटीसुद्धा रंगवून झाली.

नाही. यांना नाही सांगितलं. असं बघू नका हो माझ्याकडे. सांगायला तोंड उघडलं की मला ते बूट न काढता बसलेले दिसतात. यांची आखणी पुन्हा एकदा मोडायची, आणि या खेपेला कारखान्यानं नाही, मी मोडायची. म्हणे वकील! लोकांसाठी भांडायला निघालेय आणि घरात वाचा बसते. तुमच्या तोंडात टाचण्या आहेत म्हणून, नाहीतर तुम्हीच म्हणाला असता.

पाठ झाली? मग वळते — अगंबाई. तुम्ही कधी आलात? वाचून झालं? किती वेळ दारात उभे आहात?... सायकलच्या दुकानापासून ऐकलंत. त्याच्या आधीचं नाही ना? काही नाही, आम्ही शिवणकामाचं बोलत होतो.

हो, खरं आहे ते. परवा मी तिथं येणार नाही. तुम्ही वाईट ठरवलंत असं नाही, पण मला कागद नकोत, मला समोर माणसं हवीत, रडणारी, भांडणारी, कशीही. फार दिवसांपासून हवीत. आता रागवायचं असेल तर रागवा.

काय म्हणालात? जिन्याला कठडा? आहे ना. एकाच बाजूला आहे. खिडकी एक, मागच्या अंगाला. आलेल्या बायकांनी बसायचं कुठं? — अय्या, ते आम्हा तिघींनाही नाही सुचलं. बाक मावेल की, भिंत मोठी आहे. किती म्हणजे? मोजली कुणी? आत्ता? अहो, आत्ता कशाला, उद्या सकाळी — बरं, बरं, चला.

ताई, तुमची मापाची टेप द्याल का तासाभरासाठी? हे मागताहेत. आणि हा कोट उतरवा आधी माझ्या अंगावरून, गाडी सुरूसुद्धा केली यांनी.