कोऱ्या जागेचा नियम

आबा, आई, न्हावऱ्याच्या मंडळींनो, आणि पुण्याहून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मुरलीधरच्या शोकसभेत इथं उभं राहायला मला लाज वाटते आहे. दुःख तर आहेच, पण आधी लाज. शिरूरला एसटीतून उतरलो तेव्हा मागं फिरावं असंच वाटलं होतं.

आबा-आईंचा हा मुलगा पुण्याला आमच्या संगणक विभागात होता. यंत्राला हुकूम देण्यासाठी तो एक नवी, सोपी भाषा बांधत होता. तिचे सगळे नियम त्यानं लिहून काढले, आणि तो मसुदा तपासायला माझ्याकडे आला. आमची रीत अशी, की मी समासात लाल पेन्सिलीनं शेरा मारायचा आणि त्यानं खाली शाईनं उत्तर द्यायचं. मान्य की अमान्य, आणि का. एकाही शेऱ्याचं उत्तर राहिलं, तर मसुदा छपाईला जात नाही.

माझे बहुतेक शेरे त्यानं हसत मान्य केले. एकच नाही. त्याचा नियम होता, माहितीची जागा कोरी दिसली तर यंत्रानं थांबावं आणि विचारावं. मी लिहिलं, शून्य धरा, काम अडणार नाही. त्यानं लिहिलं, अमान्य. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा अमान्य.

मी चिडलो. म्हटलं, "अरे, कोऱ्या जागेचं एवढं काय घेऊन बसलास?"

तेव्हा त्यानं सांगितलं. तो लहान असताना, दुष्काळात, सरकारी धान्याच्या यादीत आबांच्या घरातल्या माणसांचा रकाना कोरा राहिला होता. यादी उतरवताना कुणीतरी तिथं शून्य लिहिलं. धान्य आलं नाही. धाकटी बहीण गेली. "साहेब, आई आजून इचारती, आपुन चौघं हुतो की रं, मग शून्य कुणी लिवलं?"

आणि हे ऐकून मी काय म्हणालो? म्हणालो, "ते वेगळं, हे वेगळं." वर तोच शेरा तिसऱ्यांदा लिहिला आणि उत्तराला सोमवारची मुदत दिली.

मसुदा घेऊन तो इथं घरी आला, आणि सोमवारी काविळीनं पिवळा पडला होता. आई, तुम्ही त्याला अडवलंत. म्हणालात, "पडून ऱ्हा, कागुद कुटं पळून चाललाय?" तरी तो निघाला. दौंडच्या फलाटावर गाडीची वाट बघत कोसळला. पुण्याला पोचलाच नाही.

त्याच्या पिशवीतला मसुदा परवा माझ्या हाती आला. त्या शेऱ्याखाली त्यानं लिहिलंय, "मान्य. पटलं म्हणून नाही. दमलो म्हणून."

जिंकलो मी, मंडळी. काय जिंकलो?

आबा, माझा शेरा मी खोडला आहे. नियम त्यानं लिहिला तसाच छापला जाईल. यात माझा मोठेपणा मानू नका. पेन्सिलीची एक रेघ होती. तो जिवंत असताना मला ती खोडता आली असती.

दोन मिनिटं शांत उभं राहू या. आई, तुम्ही बसूनच राहा. तुमच्यापुढं उभं राहायचं ते आम्ही.