लग्नापुरते दुसरे

माझं नाव मंगल. माहेर अंबरनाथ, स्टेशनच्या पश्चिमेला चाळीत दोन खोल्या, वडील एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत, तीन पाळ्या, आणि मी पहिली. माझ्यामागे दोन बहिणी आणि एक भाऊ. पहिली म्हणजे काय ते आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्हाला कळेल. आईला दमा, तिला धाप लागली की भाकऱ्या माझ्याकडे, वडील रात्रपाळी करून झोपले की पोरांना गप्प बसवणं माझ्याकडे, आणि मला ताप आला तर तो सांगायचा नाही. असं कुणी शिकवलं नाही हो, पण सांगितलं की घर थांबायचं, म्हणून नाही सांगितलं. सगळे मला ताई म्हणायचे, आईसुद्धा. मंगल हे नाव शाळेच्या हजेरीला ऐकू यायचं, दहावीनंतर तेही बंद झालं.

स्थळ आलं ते बदलापूरच्या पलीकडून, बारवी धरणाच्या बाजूच्या गावातून. मुलगा मिलिटरीत, वडील वारलेले, थोडी भातशेती, पाठचे दोन भाऊ. म्हणजे तेही थोरलेच. मुलगा सुट्टीवर आलेला, सुट्टी संपायच्या आत लग्न व्हायला हवं, कारण त्यानंतर युनिट सीमेवर जाणार, मग कधी सुट्टी मिळेल काय सांगू तुम्हाला, कुणालाच माहीत नाही. आणि महिना होता ज्येष्ठ. आता थोरला मुलगा, थोरली मुलगी आणि ज्येष्ठ महिना, असे तीन ज्येष्ठ एकत्र आणत नाहीत, ते लग्न लाभत नाही म्हणतात. भटजींनी पंचांग मिटलं, म्हणाले, नवरानवरी दोघं पहिली, होत नाही. वडिलांचं तोंड उतरलं. तेवढ्यात माझी सासू, म्हणजे तेव्हा अजून व्हायची होती, पदर सावरून म्हणाली, यो पयला कुठं हाय, याच्या आधी माझा एक पोर झालेला, पाचवी पुजायच्या आधीच गेला, यो दुसरा. भटजी म्हणाले, नक्की का बाई? ती म्हणाली, बाळंतीण मी झालेली का तुमी? सगळे हसले. मुहूर्त निघाला.

तर लग्नापुरते आमचे हे दुसरे होते. अक्षता पडल्या आणि परत पहिले झाले. गावात गेले त्याच दिवशी सासूने कणगीकडे बोट केलं, म्हणाली, तू मोठी सून, आता हे तुझं. दोन्ही दिरांनी वाकून नमस्कार केला, आणि त्यातला धाकटा तर माझ्याच वयाचा. हे सुट्टी संपवून गेले. त्यांना पोचवायला मला स्टेशनवर येऊ दिलं नाही, म्हणाले, लावणी आलीय, तू घरचं बघ. मी बघितलं.

पुढे दिरांच्या कॉलेजसाठी आम्ही उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये बराकीत खोली घेतली, हीच, जिथे तुम्ही बसलाय. हे म्हणाले, इथून तुझं माहेर जवळ, माझं गाव जवळ, दोन्हीकडे तुला बघता येईल. बघा, दोन्हीकडे तुला बघता येईल. शेजारी सिंधी कुटुंब, त्यांचा पापडाचा धंदा. ती बाई मला दादी म्हणायची. मला वाटलं आजी म्हणते, मी चिडले, तर त्यांच्यात मोठ्या बहिणीला दादी म्हणतात. हे सुट्टीवर आले, त्यांनी ऐकलं, म्हणाले, मी दीड वर्ष नव्हतो तर तू डायरेक्ट आजी झालीस? हसले होते तेव्हा. मीही हसले.

वैशाली झाली. ती बोलायला लागली तेव्हा घरात दीर होते, ते ह्यांना दादा म्हणायचे, माझ्या बहिणी यायच्या, त्या मला ताई म्हणायच्या, तर पोरीने तेच उचललं, बापाला दादा आणि आईला ताई. आम्ही कुणी सुधारलं नाही. एकदा हे सुट्टीवर आले, पोरगी दादा आला दादा आला करत धावली, मग आत येऊन मला म्हणाली, ताई, दादा आला. नवीन आलेल्या पापडवाल्याच्या सुनेने विचारलं, भाई आया है क्या आपका? हे बूट काढता काढता मान खाली घालून बसले. एक दिवस ते स्वतःच बोलून गेले, ताई, पाणी दे. लगेच जीभ चावली त्यांनी. मी पाणी दिलं. दोघांनी तो विषय काढला नाही. हसायला हवं होतं, नाही का? दुसरं कुणी असतं तर हसलं असतं.

एकदाच आम्ही नवराबायकोसारखे राहिलो, ते पंजाबात, ह्यांना फॅमिली क्वार्टर मिळालं आणि मी लहानग्या वैशालीला घेऊन गेले तेव्हा. एक खोली, स्वयंपाकघर, मागे अंगण. तिथे हिवाळ्यात सगळ्या जवानांच्या बायका उन्हाला बसून मटार सोलायच्या. त्यात साताऱ्याची एक शालन होती, सात भावंडांत शेवटची, बोलायला फटकळ. तिला नाद होता, कुठलीही नवी बाई आली की पहिला प्रश्न, तू कितवी आणि तुझा नवरा कितवा? मग जोडी कशी चालणार ते ती सांगायची, आणि पुष्कळदा बरोबर यायचं. म्हणायची, शेंडेफळ बाई आणि थोरला बुवा, ही झकास जोडी, एकाने रुसायचं, एकाने समजूत काढायची, माझंच बघा. दोघंही शेंडेफळं असली तर डाळ करपते पण घरात हसणं फार. मधलं असेल ते कुणाशीही जमवून घेतं. मी म्हटलं, आणि आम्ही? दोघंही पहिली. तिने सोललेल्या शेंगा माझ्या पदरात टाकल्या, म्हणाली, तुमच्या घरी दोन हवालदार आणि शिपाई एकही नाही, तुम्ही एकमेकांना सॅल्यूटच करणार. सगळ्याजणी लोळून हसल्या. मी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, तिचं काय ऐकतेस, तिच्या नवऱ्याला ती दर सुट्टी संपताना स्टेशनवर रडून दाखवायची, बिचारा गाडीत बसला तरी तिच्याकडेच बघत असायचा. आणि मग म्हणाले, आमच्या हिचं तसं नाही, हिला काही होत नाही. हे कौतुकाने म्हणाले हां. मला ते कौतुकच वाटलं तेव्हा.

शालनचा नवरा सीमेवर गेला तेव्हा तिला स्टोव्हही पेटवता येईना, चार घरच्या बायका जाऊन तिला जेवू घालायच्या. मी पण घालत होते. आणि रोज तिच्या नवऱ्याचं पत्र यायचं, जेवलीस का, झोपलीस का. मला हसू यायचं आणि, खरं सांगते, काहीतरी टोचायचंही.

मग अंबरनाथहून तार आली, आई अत्यवस्थ. हे म्हणाले, जा, तुझ्याशिवाय तिथे कोण आहे. मला वाटलं पुढे म्हणतील, लवकर ये. नाही म्हणाले. त्यांना वाटलं असेल मी म्हणेन, लवकर येते. मीही नाही म्हणाले. आई गेली, मागे भाऊ शाळेत, एक बहीण लग्नाची, वडील अर्धे झालेले. त्यातच गावाला दिरांची बांधावरून मारामारी झाली, सासूचा निरोप, मोठी सून आहेस, ये. क्वार्टर सोडून द्यावं लागलं. परत कधी मिळालं नाही असं नाही, मिळत होतं, पण दर वेळी कुणाचं तरी काहीतरी असायचं. ते म्हणायचे, तिकडचं झालं की बघू. मी म्हणायचे, इकडचं झालं की येते.

मध्ये माझं पिशवीचं ऑपरेशन झालं. हे तेव्हा वर बर्फात. पत्रात मी लिहिलं, सगळं ठीक. बहिणीला धाकट्या दिरालासुद्धा कळवू दिलं नाही मी. सुट्टीवर आले तेव्हा ह्यांना टाक्यांचा वण दिसला. फार चिडले. मला का नाही कळवलं? मी म्हटलं, कळवून काय, आला असतात का? मग पायात चप्पल घालून बाहेर गेले ते पापडवाल्याच्या ओट्यावर बसून राहिले. त्या माणसाने नंतर सांगितलं, आप के हवालदार साब रो रहे थे. माझ्यासमोर नाही रडले. मी तरी कधी त्यांच्यासमोर रडले?

हे पेन्शनवर घरी आले तेव्हा मला वाटलं, आता दिवस आपले. वैशाली सातवी-आठवीत, दीर मार्गी लागलेले, माझ्या बहिणी आपापल्या घरी. पण काय सांगू, आल्या आल्या ह्यांनी डब्यांची रांग बदलली. उंचीप्रमाणे लावले. मी हाताला येईल तसे लावलेले, मला डोळे मिटून हळद सापडायची, आता डोळे उघडून सापडेना. मी परत बदलले, त्यांनी परत बदलले. नळाला पाणी यायच्या आधी हे बादल्या ओळीत मांडून उभे, मी आले की म्हणायचे, तू राहू दे, मी बघतो. मी म्हणायचे, तुम्ही राहू द्या, मी बघते. इतकी वर्षं दोघांनी एकच वाक्य बोललेलं सगळ्यांना, ते आता एकमेकांना. मोठी भांडणं नाहीत हो आमची कधी, आवाज नाही. नुसतं राहू दे, राहू द्या. रविवारी दीर यायचे, माझा भाऊ यायचा, कुणाचं पोरगं नापास, कुणाची बायको रुसलेली, आणि आम्ही दोघं शेजारी बसून त्यांना ऐकायचो, सल्ला द्यायचो. ते गेले की खोलीत काही आवाज नसायचा.

मग ह्यांनी एमआयडीसीत सिक्युरिटीची नोकरी धरली. रोज सकाळी चहाबरोबर एक गोळी घ्यायचे. मी विचारलं, कसली? म्हणाले, पित्ताची. मी म्हटलं, तिखट कमी करू का? म्हणाले, नको, तू नको त्रास घेऊ. मी तरी कमी केलं. हे तसंच जेवले. पुढे पुढे गोळी घेताना दिसेनात, मला वाटलं, गुण आला.

गेल्या वर्षी गेटवरच पडले. दोघं कामगार रिक्षात घालून घेऊन आले, तोंड एका बाजूला, उजवा हात लोंबत. सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बीपी किती वर्षांपासून आहे? मी म्हटलं, ह्यांना बीपी नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. नर्सने ह्यांच्या खिशातली गोळ्यांची पट्टी दाखवली, अर्धी भरलेली. मी म्हटलं, त्या पित्ताच्या. डॉक्टर म्हणाले, बाई, या बीपीच्याच आहेत, आणि मधेच सोडल्यात. मागे धाकटे दीर उभे होते, ते म्हणाले, वहिनी, दादाला फौजेतून निघतानाच डॉक्टरांनी बीपी सांगितलेलं, मला म्हणाला, हिला कळवू नकोस, तिच्या डोक्याला आधीच खूप आहे. मी दिराला कशी रागावणार? मी त्याच्या बायकोला हेच सांगत आले की घरातल्या गोष्टी दादांना कळवू नकोस, त्यांच्या डोक्याला आधीच खूप आहे.

आता बघताच आहात तुम्ही. वाचा गेली, उजवी बाजू गेली, डोकं मात्र शाबूत. डॉक्टर म्हणतात, वर्षात जेवढं सुधारायचं तेवढं सुधारलं. मी सकाळी त्यांचं सगळं उरकते, मग शिवलेल्या जीन्सचे लोंबते धागे कापायला घेते, कॅम्प पाचातून गठ्ठे येतात. वैशाली बारावीला आहे, तिचं भलं होवो, सगळ्यांचं होवो, तुमचंही. दीर येतात, भाऊ येतो, पायाशी बसतात आणि माझ्याकडे बघतात, आता काय करायचं म्हणून.

काल दुपारी ह्यांना काहीतरी हवं होतं. डावा हात उचलून दाखवत होते. मी पाणी दिलं, ते नव्हतं. भांडं आणलं, ते नव्हतं. उशी सरकवली, खिडकी उघडली, वैशालीला हाक मारू का विचारलं, मान नाही नाही. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं. माझ्यासमोर पहिल्यांदाच. मी खाली बसले, म्हटलं, काय हवंय, सांगा ना. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग तो डावा हात हलवला, असा, जा म्हणून, तू तुझं काम कर म्हणून. आणि मी उठले, गेले, धागे कापायला बसले.