चार नंबरचा रुग्ण

टीमलीड : घाम पूस आधी. डेमो आहे, फाशी नाही.

प्रोग्रॅमर : फाशी निदान एकदाच असते, मॅडम. डेमो दर पंधरवड्याला.

टीमलीड : मागचे तीन झाले ना झकास? चार नंबरचा रुग्ण उघडायचा, औषधाचा जास्त डोस टाकायचा, लाल इशारा आला की टाळ्या. आजही तेच.

प्रोग्रॅमर : इशारा त्या एकालाच येतो. मी हातानं चिकटवलाय तो. बाकीच्यांना विष टाकलं तरी पडदा हिरवागार.

टीमलीड : हळू! दार उघडं आहे. पुढच्या पंधरवड्यात करू की खरं.

प्रोग्रॅमर : हे तुम्ही तीन पंधरवडे म्हणताय.

टीमलीड : आणि तू तीन पंधरवडे मान डोलावतोयस. माऊस सोडू नकोस, बस्स. कुणी काही विचारलंच तर, 'प्रश्न चांगला आहे, नोंदवून घेतो.'

प्रोग्रॅमर : आज साहेबलोक नाहीत. हॉस्पिटलच्या मुख्य सिस्टर येताहेत.

टीमलीड : आल्याच. हस!

(सिस्टर आत येऊन थेट संगणकासमोर बसतात.)

सिस्टर : माऊस द्या इकडे. नऊ नंबरच्या आजी उघडते.

टीमलीड : चार नंबर बघू या ना? फार छान आहे तो.

सिस्टर : आमच्या साहेबांनी तीनदा पाहिला म्हणे. एव्हाना त्याला घरी सोडायला हवं होतं. हा टाकला दहापट डोस... हिरवं?

टीमलीड : प्रश्न चांगला आहे...

प्रोग्रॅमर : सिस्टर, इशारा खोटा आहे. फक्त चार नंबरला येतो. मीच लिहिलाय.

टीमलीड : अरे!

प्रोग्रॅमर : नोकरी गेली तर जाऊ दे, मॅडम. उद्या हे वॉर्डात लागलं म्हणजे?

सिस्टर : उद्या? तुम्ही बघायला दिलेली प्रोग्रॅमची प्रत साहेबांनी सोमवारीच वॉर्डात लावली, बाळा. प्रत्येक डोस दोन नर्सनी तपासायचा, तेही बंद केलं. म्हणाले, आता मशीन ओरडेल.

टीमलीड : सोमवारी? आम्हाला कुणी कळवलंच नाही!

सिस्टर : एकदाही ओरडलं नाही. मला वाटलं, माझ्या मुली शहाण्या झाल्या. फोन कुठाय तुमचा?

प्रोग्रॅमर : हा घ्या. कुणाला लावायचा?

सिस्टर : वॉर्डात. दुपारी दोनचा डोस सुरू झाला असेल.

टीमलीड : लागला का?

सिस्टर : नुसता वाजतोय. डोस देताना फोन उचलायचा नाही, हा माझाच नियम.