अर्ध्या दाताचा खुनी

…आणि वर खुनी मलाच म्हणतात! मला! आ करा, अजून मोठा, हां, जीभ बाजूला… तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं या खुर्चीशेजारी उभा आहे, लोक मला काय काय बोलून गेलेत, पण 'कलेचा खुनी' कुणी म्हटलं नव्हतं हो, तेही माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून, माझीच बिस्किटं खाता खाता! आणि का? तर एका बाईचा पुढचा दात अर्धा तुटला होता, तो मी नीट केला. अर्धा दात होता, मी पुरा केला! यात माझं काय चुकलं? नाही, बोलू नका, तोंडात कापूस आहे. दुखलं तर हात वर करा, बास.

तर आमच्या हिचं एक मंडळ आहे. दर रविवारी आमच्याच बैठकीच्या खोलीत भरतं. काम काय? तर जॅझ गाणाऱ्या अशा बायका हुडकायच्या, की ज्या कुणालाच माहीत नाहीत. उपेक्षित! जी चार लोकांना आवडली ती यांच्या मनातून उतरलीच, नुसतं नाव काढलं तरी नाकं मुरडतात. मग तबकडी लावायची, डोळे मिटायचे आणि भांडायचं, की खरी जॅझ गायिका कुणाला म्हणायचं? आमचे मेहुणे, म्हणजे हिचे थोरले बंधू, बँकेतून निवृत्त झालेत, ते मान डोलवत म्हणतात, "ती तालाच्या माऽऽगे राहते." अहो, तालाच्या मागे राहणाऱ्याला आमच्या शाळेत वर्गाबाहेर उभं करायचे! एक प्राध्यापिकाबाई येतात, त्यांचं म्हणणं, "ती सूर लावत नाही, सुराच्या शेजारी जाऊन बसते." का? सुरात जागा नाहीये? आणि एक वकील आहेत, ते तर कॉफीचा घोट घेऊन सांगतात, "आयुष्यात एकदा तरी ती पार कोसळलेली हवी!" हे इतक्या आनंदात सांगतात ना, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. स्वतःची दाढ ठणकली तेव्हा हेच वकील याच खुर्चीत आईच्या नावानं ओरडत होते… थोडं पाणी मारतो हं, गार लागेल.

तर या मंडळाला एकदा ही बाई सापडली. शनिवारी संध्याकाळी एका हॉटेलात गायची, बरोबर एक पियानोवाला आणि एक ड्रमवाला. दात अर्धा, त्यामुळे गाण्यात 'स' आला की हवा निसटायची, स्स्स्… सायकलच्या ट्यूबमधून निसटते तशी. मंडळ वेडं झालं! हिनं तर एका मासिकात लेखच लिहिला आणि त्या हवेला नाव दिलं, 'श्वासाची झालर'. झालर! आम्ही त्याला फट म्हणतो.

आता मला यातलं काय माहीत? मला जॅझमधलं ओ की ठो कळत नाही, मी कधी ऐकायलाही गेलो नव्हतो. एक दिवस एक बाई दवाखान्यात आली, तोंडावर रुमाल धरून. "डॉक्टर, गार पाणी लागलं की कळ जाते हो, आणि हसले की लोक दाताकडेच बघतात." मी मोजमाप घेतलं, रंग जुळवला, कॅप बसवली. इतकी बेमालूम, की मीच स्वतःवर खूश! तिनं आरशात बघितलं आणि जी हसली ना…! सांगा, अर्धा दात होता, मी पुरा केला, यात माझं काय चुकलं?

नेमकं त्याच शनिवारी ही मला म्हणाली, "अहो, एकदा तरी चला, कान तरी उघडतील." गेलो. समोर बघतो तर माझीच पेशंट! गाणं सुरू झालं, 'स' आला, आणि गेला. स्वच्छ! झालर नाही, काही नाही. मेहुण्यांनी डोळे उघडले. प्राध्यापिकाबाई कुजबुजल्या, "हत्या! कोणत्या कसायानं केलं हे?" मी टेबलाखाली जावं म्हणत होतो, तेवढ्यात बाईंचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि त्या थेट माइकवरून, "माझे डॉक्टर बसलेत तिथे, त्यांच्यासाठी टाळ्या!" अख्खं हॉटेल टाळ्या वाजवतंय आणि आमच्या टेबलावर सगळ्यांची दातखिळी बसलेली! त्या दिवसापासून घरात अबोला. ताट समोर येतं, शब्द येत नाही. ही बोलत नाही ना, तर मला घर खायला उठतं हो.

शेवटी मी त्या बाईंना बोलावून घेतलं. म्हटलं, बाई, तुमचं गाणं बिघडलं असेल तर कॅप काढून देतो. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, 'स' जवळ आला की मी घाबरायचे. मुद्दाम उशीर करायचे, मान वळवायचे. हे लोक म्हणायचे, वा, तालाच्या मागे! आता कुठे मला पियानोवाला काय म्हणतोय ते ऐकू यायला लागलंय." मग मी गुपचूप एकटाच गेलो पुढच्या शनिवारी. खोटं कशाला बोलू, पियानोवाल्यानं काहीतरी वाजवलं, त्या थांबल्या, ऐकलं, हसल्या आणि मग एकच शब्द असा टाकला की माझे डोळे भरून आले. मला एक अक्षर कळलं नाही, तरीसुद्धा! आता तिथे टेबल मिळत नाही. मग मंडळाचं काय? "बाजारू झाली," म्हणून मोकळे!

आणि आज सकाळी ही बोलली! माझ्या हातातला ब्रश गळून पडला. म्हणाली, "अहो, मंडळाला नवी गायिका सापडलीय. पूर्ण उपेक्षित. आजवर एकाही माणसानं ऐकलेली नाही." म्हटलं, कोण? म्हणाली, "मी." आणि पुढच्या धडधाकट दातावर बोट ठेवून, "हा तेवढा अर्धा करून द्या."

अहो, तो दात मी लग्नात बघितलाय! आता नाही म्हणालो तर जन्मभर अबोला, आणि हो म्हणालो तर जन्मभर गाणं! बाहेर बाकावरच बसलीय, गुणगुणतेय, ऐकू येतंय ना? तुमच्यानंतर तिचाच नंबर. तुमची दाढ केव्हाच भरून झालीय हो… पण असू दे, आ करूनच बसा जरा वेळ.